टोणपे साहेबांचा श्वास

आमच्या माळावरच्या छातीच्या रुग्णालयात फुफ्फुसाचं ऑपरेशन करायच्या आधी पेशंटचा श्वास काढून घेतात आणि काम होईपर्यंत शेजारच्या खाटेवरच्या माणसाकडे ठेवायला देतात.

यात नवल करण्यासारखं काही नाही. चालत्या सायकलचं पंक्चर कोणी काढत नाही. डॉक्टरांचे हात आत असताना फुफ्फुस भात्यासारखं वर-खाली होत राहिलं तर टाका भलतीकडेच पडायचा. म्हणून श्वास बाहेर. पूर्वी बाटलीत ठेवून बघितला होता म्हणे, पण त्याला ऊब लागते, बाटलीत तो तासाभरात नासतो. म्हणून माणूस. त्यासाठी नमुना सातचा छापील फॉर्म आहे. त्यावर ठेवणाऱ्याचं नाव, ठेवून घेणाऱ्याचं नाव आणि दोघांचं नातं असे रकाने आहेत. नात्याच्या रकान्यात 'काही नाही' असं लिहिलेलं असेल तरच फॉर्म पुढे सरकतो. नातेवाईक चालत नाहीत. नातेवाईक रडतात, आणि रडताना श्वास सांडतो.

मी केरबा, खाट नंबर बारा. एस.टी. स्टँडच्या मागे माझं सायकलचं दुकान. चाळीस वर्षं लोकांच्या ट्यूबांत हवा भरली आणि शेवटी माझ्याच डाव्या फुफ्फुसाला फोड आला, जुन्या ट्यूबला येतो तसा. शाळा चौथीपर्यंत. पाचवीच्या पहिल्या दिवशी मास्तरांच्या सायकलचे दोन्ही व्हॉल्व्ह काढून मी त्यांच्याच कोटाच्या खिशात ठेवले, तेव्हापासून शाळा मला ओळख दाखवत नाही.

खाट अकरावर दिनकर टोणपे. आमच्याच स्टँडचे रिटायर वाहतूक नियंत्रक, सगळे त्यांना कंट्रोलर म्हणत. तीस वर्षं त्यांचा आवाज भोंग्यातून माझ्या दुकानात येऊन बसायचा, कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली ते सांगायचा. संध्याकाळी सातला ड्यूटी सुटली की आवाज बंद. माणूस मात्र मी पहिल्यांदा इथे बघितला. हसणं त्यांच्या वेळापत्रकात नव्हतं. त्यांची मंडळी, मालिनीवहिनी, खाटेशेजारी स्टुलावर बसून संत्री सोलायच्या आणि साहेब मोजून तीन फोडी सकाळी, तीन दुपारी खायचे. दोघांत बोलणं असं नाहीच. साहेब बोलायचे ते घड्याळाशी.

त्यांच्या उजव्या फुफ्फुसात गाठ होती, ती बुधवारी काढायची होती. माझा फोड त्याच्या पुढच्या सोमवारी. तेव्हा पंधरा दिवस आमची तयारी एकत्रच चालली.

तयारी घ्यायच्या बागवान मॅडम, व्यायामाच्या. उंचीला सायकलच्या पंपापेक्षा थोड्या जास्त, पण वॉर्डात शब्द त्यांचा. सकाळी त्या आम्हाला व्हरांड्यात उभं करायच्या. पोटावर हात ठेवून पोट फुगवायचं, छाती नाही. ओठांचा चंबू करून गरम चहावर फुंकतात तसं हळू सोडायचं. उशी छातीशी कवटाळून खोकायचं. मग जिने. मग ते तीन गोळ्यांचं यंत्र, नळीतून आत ओढलं की गोळे एकेक करून वर जातात. टोणपे साहेबांचा तिसरा गोळा काही उठत नव्हता. मी त्यांना सांगितलं की तिसरा फक्त क्लास वन अधिकाऱ्यांसाठी उठतो. एकदा त्यांचं यंत्र उलटं टांगून ठेवलं, तिन्ही गोळे वर. साहेबांनी तक्रार वहीत पाऊण पान लिहिलं, खाली वेळ टाकली, सात वाजून बारा मिनिटं.

ज्याला श्वास द्यायचा त्यानं रिकामं व्हायला शिकायचं आणि ज्याला घ्यायचा त्यानं जागा करायला शिकायचं. ही जागा करणं अवघड. मॅडम समोर उभ्या राहायच्या, छातीच्या एका बाजूला हात ठेवून म्हणायच्या, पाहुणा इथे. मग दुसऱ्या बाजूला, आपला इथे. मी बघून तसाच हात ठेवायचो. पंधरा दिवसांत ते इतकं पक्कं बसलं की झोपेतसुद्धा चुकलो नसतो.

मंगळवारी मॅडमनी मला बाजूला घेतलं.

"बाबा, चार तास हसायचं नाही," त्या म्हणाल्या. "खोकला आला तर उशी आहे. शिंक आली तर नाक दाबा. हसू आलं तर माझ्याकडे इलाज नाही. एका हसण्यात अख्खा माणूस बाहेर जातो."

त्यांनी खाट चारचं सांगितलं. गेल्या साली त्या खाटेवरच्या माणसानं शेजाऱ्याचा श्वास ठेवून घेतला होता आणि खिडकीत माकड येऊन बसलं. माणूस फिसकन हसला. तो श्वास अजून वॉर्डातच आहे. दुपारी पंखे बंद असताना चार नंबरचा पडदा फुगतो आणि बसतो, फुगतो आणि बसतो. ज्याचा होता तो तिसऱ्या मजल्यावर आहे. जेवतो, बोलावलं तर मान वळवतो, केसपेपरवर सही करतो. घरचे सणासुदीला येऊन बघून जातात.

मी जिन्याचे व्यायाम करताना त्या माणसाला बघितलं होतं. काचेच्या दारापाशी, काचेला नाक लावून उभा होता. काच स्वच्छ होती.

टोणपे साहेबांनी खाट बदलून मागितली होती. अकराच्या दुसऱ्या बाजूची खाट दहा मोडकी, तिच्यावर कोणी नाही, तेव्हा राहिलो मीच. संध्याकाळी फॉर्मवर सही करताना ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुम्ही पोरकट मनुष्य आहात. नाइलाज आहे."

मी म्हटलं, "साहेब, हवा धरून ठेवणं हाच माझा धंदा आहे."

वहिनींनी मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात विनवणी वगैरे काही नव्हती. माणूस कितपत पाणी धरतो ते बघावं, घागर घेताना बघतात तसं.

बुधवारी नऊ वाजता मॅडम बाटली घेऊन आल्या. अर्धी पाण्यानं भरलेली, बुचातून दोन नळ्या. एक साहेबांच्या तोंडात, एक माझ्या. साहेबांनी शिकवल्याबरहुकूम सोडायला सुरुवात केली. पाण्यात बुडबुडे आले, आधी मोठे, मग बारीक, मग साबुदाण्यासारखे, आणि मग पाणी शांत झालं. माझ्या छातीत काहीतरी आलं आणि उभं राहिलं. बसलं नाही. उभं राहिलं. थंड नव्हतं, गरम नव्हतं, त्याला इस्त्रीच्या कपड्याचा वास होता.

साहेब उठले. चपला खाटेखाली सरळ लावल्या आणि स्वतः चालत थेटरकडे गेले. जाताना दाराची काच त्यांच्या तोंडासमोर आली. मी मुद्दाम बघितलं. स्वच्छ होती.

दोन श्वास घेऊन बसणं म्हणजे काय ते सांगतो. आपला जातो-येतो, त्याचं काही नाही. दुसरा आपल्यामागून जातो. आपण थांबलो की तो अर्ध्या पावलानं उशिरा थांबतो. अकराच्या सुमाराला तो माझ्या घशापर्यंत आला आणि माझ्या तोंडून, माझ्या आवाजात, "प्रवाशांनी कृपया" एवढंच बाहेर पडलं. पुढचं काही आलं नाही. वहिनी स्टुलावर होत्या. त्यांच्या हातातली फोड तशीच राहिली.

आणि साडेअकराला मोठे डॉक्टर राउंडला आले. खाट सातचा पेशंट व्यायामाचा फुगा फुगवत होता, त्याच्या हातून फुगा सुटला. नको तो आवाज करत वॉर्डभर फिरला, दोन नर्सांच्या मधून गेला आणि मोठ्या डॉक्टरांच्या कोटाच्या आत शिरून तिथेच संपला. डॉक्टर फार गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "सात नंबरची प्रगती चांगली आहे."

आता मला सांगा. साठ वर्षं मी ज्याची वाट बघितली ते देवानं त्याच दिवशी दाखवावं. हसू पोटातून निघालं. मी उशी कवटाळली, पण ते बरगड्या चढून गळ्यात आलं. टोणपे साहेब गेले, मी मनात म्हटलं. आणि गळ्यातच ते थांबलं. मी थांबवलं नाही. आतून कोणीतरी थांबवलं, शिट्टी मारून गाडी जागच्या जागी उभी करावी तसं. उजवीकडून की डावीकडून ते तेव्हा कळलं नाही. त्यानंतर मला हसू येण्याची भीती वाटेनाशी झाली, आणि मग भलतीच भीती वाटायला लागली.

एक वाजता साहेबांना आणलं. पांढरे, डोळे उघडे. ऑपरेशन व्यवस्थित झालं होतं. मॅडमनी बाटली लावली आणि मला बसता यावं म्हणून माझ्या पाठीमागे येऊन आधार दिला. माझ्या उजव्या बरगडीवर बोट टेकवून म्हणाल्या, "आता हा सोडा, बाबा. पाहुणा."

मी सोडला. बुडबुडे गेले. साहेबांची छाती वर आली, खाली गेली, वर आली. वॉर्डातल्या सगळ्यांनी मान डोलावली. मग साहेबांनी डोळे फिरवले, खाट सातकडे बघितलं, फुग्याचं त्यांना कोणी सांगितलंही नव्हतं, आणि ते हसले. टाक्यांवर हात दाबून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, फिसफिस करत. तसं फक्त मी हसतो.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मॅडम पंधरा दिवस माझ्यासमोर उभ्या होत्या. त्यांनी उजवा हात उजवीकडे ठेवला की मी आरशासारखा डावा डावीकडे ठेवायचो. पाहुणा डावीकडे बसला, आपला उजवीकडे, आणि आज त्या पाठीमागे होत्या. सायकलचं डावं पायडल उलट्या आट्याचं असतं हे मला आठव्या वर्षापासून ठाऊक आहे. पण छातीचं काम मी प्रथमच करत होतो.

मी मॅडमना सांगितलं. सांगताना माझ्या लक्षात आलं की मी वाक्य पूर्ण करून, जरा थांबून, मग दुसरं बोलतोय. त्या रागावल्या नाहीत. टेबलाशी बसल्या, नियमांचं पुस्तक काढलं, दोनदा वाचलं. अंगात गेलेला श्वास ऑपरेशनशिवाय हलवत नाहीत. साहेबांचे टाके ओले, सहा आठवडे त्यांच्या छातीतून काही काढायचं नाही आणि काही घालायचं नाही. माझं ऑपरेशन सोमवारी. त्या दिवशी माझ्यातला टोणपे साहेबांचा श्वास तिसऱ्या कोणाकडे ठेवायचा, काम झालं की मला परत द्यायचा, आणि सहा आठवड्यांनी आम्ही दोघांनी येऊन अदलाबदल करायची. कागदावर अगदी सरळ होतं.

मला माझा हवा होता. खोटं कशाला बोलू. गुरुवारी सकाळी पाचला दहा कमी असताना माझे डोळे उघडले, पहिली गाडी सुटायची ती वेळ. चहा आला तर मी तो वेळेवर आला का ते बघितलं. खाट अकरावर साहेब नर्सला सांगत होते की बारा नंबरला रेचक दुप्पट लिहून दिलंय, डॉक्टरच म्हणाले. नर्सनं मला दिलंही. विनोद चांगला होता, माझाच होता, पण मला आत काही हललं नाही. दुसऱ्याच्या घरात दिवा लागलेला रस्त्यावरून बघावा तसं वाटलं.

वहिनींना कोणी काही सांगितलं नव्हतं. शुक्रवारी दुपारी साहेबांचा डोळा लागला. वहिनी थोडा वेळ त्यांच्या घोरण्याकडे कान देऊन बसल्या. मग उठल्या, स्टूल उचललं आणि माझ्या खाटेच्या या बाजूला आणून ठेवलं.

"त्यांचा इथे आहे," त्या म्हणाल्या.

मी कसं ओळखलं असं विचारलं. त्यांनी सांगितलं की दर तिसऱ्या श्वासाला तो जरा अडखळतो, पायरी चुकल्यासारखा. अडतीस वर्षं त्या त्याच्या बाजूला झोपल्या होत्या, आणि त्याची पायरी रोज कुठे चुकते एवढंच त्यांना त्या माणसाचं ठाऊक होतं. बाकी सगळं साहेबांनी स्टँडवर भोंग्यात सांगून संपवलं होतं.

मग त्यांनी विचारलं, "केरबा भाऊजी, आतून कसा आहे?"

मी जमेल तितकं खरं सांगितलं. म्हटलं, उभा आहे. गाडी सुटायच्या आधी माणूस फलाटावर उभा राहतो तसा. सारखा कोणाची तरी वाट बघतो.

"कोणाची?"

"मला ते दाखवत नाही, वहिनी. मी परका."

त्यांनी संत्र्याच्या साली पदरात गोळा केल्या आणि सरळ बागवान मॅडमच्या टेबलाशी गेल्या. सोमवारी ठेवून घ्यायला त्या तयार होत्या. मॅडमनी सांगितलं, नातेवाईक चालत नाहीत. वहिनींनी फॉर्म मागितला आणि नात्याच्या रकान्यावर बोट ठेवलं. फॉर्म पेशंटचा, पेशंट केरबा. केरबाचं आणि त्यांचं नातं काय? मॅडमनी फॉर्म उलटा केला, सुलटा केला. पुढून, मागून, कुठेही श्वासाचं नातं विचारलेलं नव्हतं. त्यांनी लिहिलं, 'काही नाही'.

राहिलेल्या दोन दिवसांत वहिनींची तयारी झाली. पहिल्याच झटक्यात त्यांनी तिन्ही गोळे वर नेले आणि तिथेच धरून ठेवले, मॅडम नको म्हणेपर्यंत. साहेब आपल्या खाटेवरून हसत म्हणाले, "बघा केरबा, ही क्लास वन निघाली." वहिनी हसल्या नाहीत. आता मॅडम शिकवताना समोर उभ्या राहत नव्हत्या, बाजूला राहायच्या, आणि वहिनींच्या उजव्या हातावर शाईची खूण करून ठेवली होती.

सोमवारी नऊ वाजता मी श्वास दिला. रिकामं होणं दुखत नाही. आवाज मात्र सगळे लांब जातात. मी चालत थेटरकडे गेलो. तिसऱ्या मजल्यावरचा माणूस जिन्यात उभा होता, त्यानं मला वाट करून दिली, ओळखीच्या माणसाला देतात तशी. पुढचं मला माहीत नाही.

परत आलो तेव्हा खिडकीतून ऊन माझ्या पायावर पडलेलं दिसत होतं, पण लागत नव्हतं. मॅडमनी बाटली आणली. नळी माझ्या ओठांत ठेवली. दुसरी वहिनींनी धरली. त्या रडलेल्या नव्हत्या, त्यांचे डोळे कोरडे होते आणि चेहरा चार तासांत कोणी धुऊन ठेवावा तसा दिसत होता. त्यांनी एक हात छातीच्या एका बाजूला ठेवला, दुसरा दुसऱ्या. घाई केली नाही. मग डावीकडचा सोडायला लागल्या.

"वहिनी, उजवा," मॅडम म्हणाल्या.

वहिनींनी नळी सोडली नाही, फक्त मान हलवली. बुडबुडे येत राहिले, बारीक आणि एका मापाचे. पाणी शांत झाल्यावर त्यांनी नळी काढली, पुसली आणि मॅडमच्या हातात दिली.

"उजवा माझ्याकडे राहील," त्या म्हणाल्या. शब्द सुटे, मधे नेमकी जागा सोडलेली, वॉर्डाच्या शेवटच्या खाटेपर्यंत ऐकू जातील असे. "तो कोणाची वाट बघत होता ते मला कळलं आहे."

खाट अकरावर साहेब हसायचे थांबले.

फॉर्मवर शेवटचा रकाना असतो, 'पेशंटला श्वास परत मिळाला काय'. कोणाचा ते त्यात नाही. मॅडमनी माझ्या छातीकडे बघितलं, ती वर-खाली होत होती. त्यांनी 'होय' लिहिलं आणि सही केली.

शनिवारी टोणपे कुटुंब घरी गेलं. साहेबांनी जाताना माझ्या खाटेचा पाठीकडचा खटका ढिला करून ठेवला होता, मी टेकलो तो सपाट झालो, आणि ते दारातून बघून डोळे पुसत गेले. वहिनी त्यांच्या दोन पावलं पुढे होत्या, मनगटावरच्या घड्याळाकडे बघत. सहा आठवड्यांनी रुग्णालयानं तिघांना पत्र पाठवलं. साहेबांनी लिहिलं, बदल नको, खाली वहिनींनी सही केली, खाली वेळ टाकली. पत्र माझ्याकडे आलं तेव्हा मी बराच वेळ पेन धरून बसलो. मग मीही तसंच लिहिलं. माझा घेतला असता तर साहेबांना त्यांचा द्यावा लागला असता, त्यांचा द्यायचा तर वहिनींना हा, आणि हा आता रुळला होता.

दुकान पुन्हा चालू आहे. लोक म्हणतात केरबा निवळला. वहिनींचा श्वास हलका आहे, आल्या-गेल्याचा आवाज करत नाही, जागाही कमी घेतो. मॅडम तपासतात तेव्हा तिन्ही गोळे वर जातात. फक्त संध्याकाळी सव्वासातच्या सुमाराला, रस्त्यानं कोणाच्या चपला वाजल्या की तो आपोआप थांबतो. पावलं दारापाशी थांबतात की पुढे जातात ते नीट ऐकून घेतो. पुढे गेली की मग सुटतो. तेवढा वेळ हातातलं चाक मी फिरू देत नाही.